प्रवरेच्या काठाने एक दिवस: रतनवाडीला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

रतनगडाला बहुतेक जण जातात ते नेढ्यासाठी, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकासाठी. भल्या सकाळी रतनवाडीत उतरायचं, धापा टाकत शिड्या गाठायच्या, नेढ्यात बसून फोटो काढायचा आणि खाली यायचं. त्यात काही गैर नाही. पण या धावपळीत ज्या पाण्याच्या कडेने आपण दीड-दोन तास चालतो ते पाणी बघायचं राहून जातं. हा साधा ओढा नाही, ही प्रवरा आहे. रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते, भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते, रंध्याला कड्यावरून कोसळते आणि अकोले, संगमनेर करत नेवाशाला पोचते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं याच नदीच्या काठी आहे. रतनवाडीच्या वरच्या अंगाला मात्र ही नदी अजून एवढीशी आहे की चार ढांगांत ओलांडावी.

या लेखात मी तुम्हाला नेढ्यापर्यंत नेणार आहे, पण माझा सगळा जीव खालच्या पाण्यात आणि मधल्या फुलांत आहे. ज्यांनी एखाददुसरा सोपा ट्रेक केलाय, हातात मोबाइल किंवा साधा कॅमेरा आहे आणि एका दिवसात ओढा व रानफुलं दोन्ही नीट टिपायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आठवडा ठरवा, मग तारीख

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा म्हणजे घाटघर, रतनवाडी, साम्रद. उरलेल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. इथे पाच हजारांच्या आसपास पडतो. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये, नवख्या माणसाने तरी, या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी गढूळ असतं, धुक्यात दहा फुटांवरचं झाड दिसत नाही आणि ओढ्याचा भरवसा नसतो. फोटोही मिळत नाहीत आणि जिवाचा धोका वेगळाच.

योग्य काळ म्हणजे साधारण सप्टेंबरचा तिसरा आठवडा ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पावसाचा जोर ओसरलेला असतो, ओढ्यात पाणी भरपूर पण तळ दिसेल इतकं नितळ असतं, वर सोनकी हे पिवळं रानफूल फुललेलं असतं आणि भाताला लोंब्या आलेल्या असतात. हा काळ फार टिकत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते फुलांच्या बाबतीत शब्दशः घेऊ नका, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात तर गवत पिवळं पडलेलं असेल आणि सोनकीच्या जागी नुसती वाळकी बोंडं दिसतील.

जायच्या आधीचे दोन दिवस तिथे मोठा पाऊस झालेला नसावा. हवामानाचा अंदाज बघा, पण तेवढ्यावर राहू नका. जेवणाची सोय जिथे सांगणार आहात त्या घरी फोन करून सरळ विचारा, ‘मामा, ओढ्याला पाणी किती आहे?’ गुडघ्याच्या खाली, गुडघ्याएवढं, मांडीएवढं असं नेमकं उत्तर मिळतं. मांडीएवढं म्हणाले तर तारीख पुढे ढकला.

शक्यतो मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी शिड्यांशी रांग लागते आणि रांगेत अडकलेला तास दुपारच्या हिशेबातून जातो. तो हिशेब किती महत्त्वाचा आहे ते आता सांगतो.

दिवस उलटा लावा

नवखे लोक ओढा दिसला की लगेच बॅग उतरवतात. सकाळी सातला पहिल्या डोहाशीच तासभर जातो, मग चढाईला उशीर, भर दुपारी माथ्यावर, आणि तिथे कडक उन्हात पांढुरकी झालेली फुलं. मीही पहिली दोन वर्षं असंच करत होतो.

आता जागेची रचना बघा. गड गावाच्या पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं आणि सरळ गडाच्या कड्यावर पडतं. माथ्यावरची फुलं कोवळ्या उन्हात उजळतात आणि वाराही त्या वेळी कमी असतो. फुलांच्या फोटोला वारा हा उन्हापेक्षा मोठा शत्रू. दुपारनंतर सूर्य गडाच्या मागे सरकू लागतो आणि खालचा ओढा हळूहळू सावलीत जातो. पाण्याला नेमकी हीच सावली हवी. उन्हाचे कवडसे पडलेल्या ओढ्यात पाणी पांढरंफट्ट आणि खडक काळेठिक्कर येतात. सावलीत सगळं सारखं उजळतं, शेवाळाचा हिरवा आणि कातळाचा काळा दोन्ही रंग उतरतात.

म्हणून जाताना ओढ्याकडे फक्त डोळ्यांनी बघायचं. कुठला डोह, कुठली धार, कुठला धोंडा, हे मनात टिपून ठेवायचं. मोबाइलवर एखादा साधा फोटो खुणेसाठी घ्या आणि पुढे चला. फुलं सकाळी वर, पाणी परतीला खाली.

पण यात एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्या. याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी दोन-तीननंतर ढग जमतात, गडगडाट होतो आणि तासाभरात धो धो पडून मोकळं होतं. वरच्या जंगलात असा पाऊस झाला की खाली ओढा फुगतो. म्हणजे पाण्याच्या फोटोंची जी उत्तम वेळ, तीच धोक्याचीही. यावर माझा नियम एकच: ओढ्याचे फोटो काढायचे ते शेवटचा ओलांडा पार करून, गावाच्या काठावर आल्यानंतरच. मग पाणी वाढलं तरी तुम्ही घराच्या बाजूला असता. सकाळी जाताना जागा हेरायच्या त्याही याच काठावरच्या.

सामान

मोठी यादी देत नाही. पायात पकड असलेले बूट, तेही आधी महिनाभर वापरलेले. कॅनव्हासचे किंवा गुळगुळीत तळाचे चालणार नाहीत. हातात काठी. पाणी दोन-अडीच लिटर, गूळ-शेंगदाणे, एक लिंबू आणि मीठ-साखरेची पुडी. सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं, म्हणून टॉर्च.

खताच्या रिकाम्या गोणीचा हातभर तुकडा जरूर घ्या. फुलाच्या उंचीवर यायला ओल्या जमिनीवर गुडघे टेकावे लागतात, कधी पोटावर आडवं व्हावं लागतं. गोणीचा तुकडा असला की माणूस बिनधास्त बसतो. नसला की वाकून वरूनच फोटो काढून मोकळा होतो. फोटोतला निम्मा फरक त्या तुकड्यात आहे.

कॅमेऱ्यासाठी दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या, एक मऊ सुती फडकं आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर आणाच, पाण्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ट्रायपॉड हलका असला तरी चालेल. मोबाइलवाल्यांना हाताएवढा छोटा ट्रायपॉड पुरतो. ड्रोन घरी ठेवा: हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ सालापासूनचं. इथे झाडपाला, फुलं तोडायलाही बंदी आहे.

पोचणं

मुंबईकडून कसारा, इगतपुरी, घोटी करत घोटी-राजूर रस्त्याने बारीवरून शेंडीला या. नाशिककरांनाही घोटीवरूनच सोयीचं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. शेंडी हे भंडारदरा धरणाजवळचं गाव. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेलं ते दगडी धरण म्हणजे विल्सन डॅम, आणि त्यामागचा जलाशय आर्थर लेक. शेंडीहून रतनवाडीचा रस्ता या जलाशयाला वळसा घालत वीसेक किलोमीटर जातो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची.

आदल्या रात्री रतनवाडीतच मुक्काम करा, हा माझा आग्रह आहे. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोचलेल्या माणसाचं लक्ष दुपारपर्यंत संपतं आणि ओढा ओलांडायची वेळ नेमकी त्यानंतर येते. गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय होते. सकाळी निघतानाच दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवा. वाटाड्या म्हणून गावातलाच कोणीतरी सोबत घ्या. जंगलात ढोरवाटा पुष्कळ आहेत, आणि एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेने फुटते. त्या फाट्यावर चुकलेले लोक मी स्वतः पाहिलेत. मोबाइलची रेंज इथे धरून चालू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी परतायची वेळ सांगून ठेवा.

सकाळी साडेसहा: मंदिरापासून सुरुवात

चालायची सुरुवात अमृतेश्वरापासून. काळ्या दगडातलं हे शिल्पसमृद्ध शिवमंदिर, शेजारी चौकोनी पुष्करणी आणि तिच्या भिंतींतल्या देवकोष्ठांमध्ये मूर्ती. मंदिर परतीला निवांत बघा. सकाळी फक्त पंधरा मिनिटं द्या, पुष्करणीच्या पाण्यात आकाश उतरलेलं असतं तेवढी.

मंदिरामागून वाट भाताच्या खाचरांतून निघते. बांधावरून चालताना सांभाळून. बांध पावसाने मऊ झालेले असतात, कडेवर पाय पडला की ढासळतात आणि खाचरातलं पाणी वाहून जातं. काही तुकड्यांत खुरासणी पेरलेली असते, तिची पिवळीधमक फुलं बघून शेतात शिरायचा मोह होतो. कॅमेऱ्याच्या हौसेपायी कुणाचं पीक तुडवणं मला अजिबात मान्य नाही. काठावर उभं राहा. शेतात मावशी काम करत असतील तर आधी ‘राम राम’, मग दोन शब्द, मग विचारून फोटो. नको म्हणाल्या तर विषय संपला.

ओढा ओलांडणं

गाव मागे पडलं की प्रवरा शेजारी येते आणि वाट तिला आलटून-पालटून ओलांडत राहते. नवख्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे.

दगडावरून दगडावर उड्या मारायच्या नाहीत. या ओढ्यातला पालापाचोळ्याने काळा पडलेला, कोरडा वाटणारा दगडच फसवतो. त्याच्यावर बारीक शेवाळाचा थर असतो, नखाने ओरखडा काढलात तर बुळबुळीत हिरवा निघतो. पाण्याखालचा खडबडीत, वाळू-गोट्यांचा तळ त्याहून भरवशाचा. बूट भिजतील म्हणून काढूही नका. अनवाणी पाय धोंड्यांच्या फटीत अडकला तर घोटा मुरगळतो. बुटांसकट पाण्यात उतरा, पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत पुढे सरकवा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी समोर टेका आणि एका वेळी एकच आधार हलवा. बॅगेचा कमरेचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पाय घसरला तर बॅग टाकून देता येते. कॅमेरा गळ्यात नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत.

ओलांडायची जागा निवडताना लोक अरुंद जागा शोधतात. उलट करा. ओढा जिथे पसरट आणि उथळ आहे तिथे जोर कमी असतो. अरुंद जागी तेच सगळं पाणी दाटीवाटीने आणि खोलातून जातं. खालच्या अंगाला लगेच धबधबा किंवा डोह असेल तर ती जागा सोडूनच द्या.

पाणी वाढायच्या खुणा आधी पाण्यातच दिसतात. एकदा आम्ही दुपारी अडीचच्या सुमारास परत येत होतो. डोक्यावर ऊन होतं, पाऊस कुठेच नाही. ओलांड्याशी आलो तर आमचे वाटाडे मामा पाण्यात पाय न घालता काठावर उकिडवे बसले. मी म्हटलं, ‘मामा, चला ना, गुडघ्याएवढंच तर आहे.’ ते म्हणाले, ‘थांबा जरा, पानं बघा.’ खरंच, सकाळी काचेसारखं असलेल्या पाण्यावर हिरवी, ताजी तुटलेली पानं आणि काटक्या वाहत येत होत्या. पाच मिनिटांत पाण्याला चहाचा रंग आला, खळखळ होती तिथे घुमल्यासारखा जड आवाज येऊ लागला आणि सकाळी ज्या धोंड्यावर मी बसलो होतो तो दिसेनासा झाला. वर कुठेतरी जोरात पडला होता. आम्ही पावणेदोन तास त्या काठावर बसून होतो. पाणी जसं चढलं तसंच उतरलं, आणि मग आरामात पार झालो. गढूळपणा, ताजी पानं, बदललेला आवाज: यातलं एक जरी दिसलं तरी उंच जागी सरकून बसायचं. हे ओढे लहान असतात, त्यामुळे लवकर फुगतात आणि लवकर ओसरतातही. घाई करणाऱ्यालाच ते नेतात.

काठावरच्या झुडपांना हात लावण्याआधी नजर टाका. पानांसारखाच हिरवा चापडा साप ओढ्याकाठच्या फांद्यांवर वेटोळं करून बसतो, विषारी आहे आणि जागचा हलत नाही. दिसला तर लांबून बघा आणि वळसा घाला.

फुलं: आधी बसा, मग कॅमेरा काढा

ओढा सोडून वाट दाट झाडीत चढू लागली की पहिली फुलं भेटतात. कडेच्या ओल्या मातीत गुलाबी तेरडा, झुडपांत पांढऱ्या पानासारखं दिसणारं भुतकेस, मोकळवनात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. भुतकेसाचं पांढरं ‘पान’ हा खरं तर फुलाच्या निदलाचाच, म्हणजे पाकळ्यांखालच्या बाहेरच्या आवरणाचाच, वाढलेला भाग, खरं फूल मधोमध छोटंसं नारिंगी-पिवळं असतं. फोटोत फोकस त्या छोट्या फुलावर हवा, पांढऱ्यावर नाही. पांढऱ्यावर गेला की त्याच्या शिरा दिसतात आणि फूल राहून जातं.

कारवीही वाटेवर आहे. तिचा सामुदायिक बहर सात-आठ वर्षांनी एकदा येतो. मिळाला तर नशीब, नाही तर तिच्या खरखरीत पानांवरून हात फिरवा आणि पुढे चला.

खरा खजिना मात्र वर, जिथे झाडी संपते आणि कातळ सुरू होतो. सोनकी तिथे उतारच्या उतार पिवळे करते. नभाळीची निळी-जांभळी फुलं कातळाच्या चिरांत असतात, त्यांचे केसाळ पुंकेसर बघितल्याशिवाय उठू नका. कवल्याच्या पिवळ्या फुलावर आत तांबडे ठिपके असतात. कातळावर पाणी नुसतं झिरपत असतं अशा जागी गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या आणि त्यांच्या पायाशी सीतेची आसवं. एवढं नाजूक, नखाएवढं निळं-जांभळं फूल, पण वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिला बारीक फुगे असतात आणि सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. फोटोत ते दिसणार नाही. पण हे माहीत असलं की तुम्ही त्या झिरपत्या मातीवर पाय ठेवणार नाही, कारण निम्मी वनस्पती त्या मातीतच आहे.

आता पद्धत. एक फूल निवडा. ताजं, न कुरतडलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या मागे पाच-सहा फूट मोकळं आहे असं. नवख्यांचे फुलांचे फोटो बिघडतात ते फुलामुळे नाही, मागच्या काड्याकुड्यांमुळे. गोणीचा तुकडा अंथरा, पण कुठल्या रोपट्यावर नाही ना ते बघून. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा. मग अर्धा फूट डावीकडे, अर्धा फूट उजवीकडे सरकून बघा. मागे कधी काळा कडा येईल, कधी निळं आकाश, कधी हिरवा उतार. सोनकीला मागे सावलीतला कडा मिळाला तर ती दिव्यासारखी उठते. आडवी येणारी गवताची काडी तोडू नका, बोटाने बाजूला धरा.

पिवळा रंग कॅमेऱ्याला फसवतो. स्क्रीनवर सोनकी छान वाटते आणि घरी बघितलं तर पाकळ्यांचा नुसता पिवळा डाग, एकही शीर नाही. एक्स्पोजर थोडं खाली आणा: कॅमेऱ्यात उणे दोन तृतीयांश, मोबाइलवर फुलावर बोट टेकवून दिसणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. ऊन कडक असेल तर सोबत्याला फुलावर अंगाची सावली धरायला सांगा. मात्र सावली मागच्या भागावरही पडली पाहिजे; फूल सावलीत आणि मागे लख्ख ऊन असं झालं तर फोटो वाया गेला.

वाऱ्यासाठी उपाय म्हणजे थांबणं. वारा झुळकांनी येतो, दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर स्थिर होतं. शटर एक पाचशेच्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) आसपास ठेवा, पाच-सहा फोटो सलग घ्या. एका फुलाला वीस मिनिटं लागली तरी चालतील. सकाळभरात चार फुलं नीट जमली तर तो दिवस मी उत्तम मानतो. चाळीस फुलांचे घाईतले फोटो नंतर कुणी उघडूनही बघत नाही, काढणाराही नाही.

प्रत्येक फुलाचे सुंदर फोटो झाले की दोन ओळखीचे फोटो घ्या: एक संपूर्ण झाडाचा पानांसकट, दुसरा फुलाच्या मागच्या बाजूचा, देठ आणि निदल दिसेल असा. नाव शोधताना याच दोन फोटोंवर सगळं अडतं. आणि कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही दिसलं तर वाटेची खूण किंवा नकाशावरची जागा कुणालाही, कुठेही सांगू नका. त्यांचे कंद खणून नेले जातात. फोटोतली जागेची नोंदही बंद करून ठेवा.

शिड्या आणि माथा

गावापासून शिड्यांपर्यंत चालणाऱ्याला दोन-अडीच तास लागतात. आपल्याला वाटेत थांबत तीन. लोखंडी शिड्या चढताना कॅमेरा बॅगेत, दोन्ही हात मोकळे, एका वेळी एका शिडीवर एकच माणूस. सकाळी दव असतं, पायऱ्या निसरड्या. वर गणेश दरवाजा, पुढे रत्नादेवीची गुहा, हनुमान दरवाजा आणि माथ्यावरची वाट. भीती वाटत असेल तर शिड्यांच्या खालीच थांबा. आजूबाजूच्या कातळावर फुलं पुरेशी आहेत, आणि या दिवसासाठी मी तरी नेढ्याला सक्तीचं मानत नाही.

गेलात तर मात्र नेढ्यातून अलंग, मदन, कुलंग ओळीने दिसतात, त्यांच्या पलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई आणि खाली आर्थर लेकची निळी बोटं. हे दृश्य टिपताना पुढे काहीतरी जवळचं घ्या, सोनकीचा एखादा झुपका किंवा नेढ्याची कमान. नुसते लांबचे डोंगर फोटोत बारीक निळे पट्टे होऊन बसतात. कड्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-स्प्रे, धूर, आरडाओरडा काही नको.

साडेअकरा ही माझी वळायची वेळ. कुठेही असलो तरी. नेढं दहा मिनिटांवर असलं तरी.

परतीला पाणी

दोनच्या आत शेवटचा ओलांडा पार झालेला असावा. गावाच्या काठावर आलात की मामांना ‘तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोत इथे’ म्हणायला हरकत नाही. सकाळी हेरलेल्या जागा आता एकेक करून घ्यायच्या. सावली उतरायला वेळ असेल तर गूळ-शेंगदाणे काढा, बूट सोडून पाय पाण्यात घाला. छोटे मासे येऊन टाचांना टोचतात, दगडाखालून खेकडा डोकावतो. हा अर्धा तास वाया घालवला असं समजू नका, याच वेळात पाणी कुठून कसं वळतं ते दिसायला लागतं.

पाण्याचा फोटो म्हणजे मुख्यतः शटरचा खेळ. एक पाचशेला थेंब गोठतात आणि ओढा विस्कटलेला दिसतो. पाच-दहा सेकंद ठेवलं तर दुधाची साय आल्यासारखं गुळगुळीत, ज्यात पाण्याची ओळखच राहत नाही. मला आवडतं ते पाव ते अर्धा सेकंद: धार मऊ होते पण तिचे धागे वेगळे कळतात, कुठल्या धोंड्याला वळसा घातला ते दिसतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ-८ ते एफ-११ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान), कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि बटण दाबल्याचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, थरथरतात. तिन्ही दगडावर. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर त्यात ठरवता येतं. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडलं की काम होतं. मोबाइल स्थिर हवा, एवढंच.

आता पोलरायझर. लेन्सवर लावून तो सावकाश फिरवत पाण्याकडे बघा. एका कोनाला पाण्यावरची पांढुरकी चमक पुसून जाते आणि तळाचे गोटे वर येतात: तांबूस, राखाडी, एखादा हिरवट. ओल्या पानांवरची चमक जाऊन त्यांचा खरा हिरवा रंग येतो. पहिल्यांदा हे बघताना मी पाचेक मिनिटं फोटो न काढता नुसता फिल्टर फिरवत बसलो होतो. मात्र चमक दर वेळी पूर्ण पुसू नका. डोहावर पडलेलं समोरच्या झाडाचं प्रतिबिंब हवं असेल तर फिल्टर थोडा परत फिरवा. हा फिल्टर प्रकाशही दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे सावलीत पाव सेकंदाचं शटर आपोआप मिळतं.

चौकट लावताना एक धोंडा निवडा आणि पाणी त्याच्याकडून तुमच्याकडे येताना दिसेल असे उभे राहा. सगळा ओढा एका फोटोत कोंबायचा प्रयत्न सोडा. दोन फूट लांबीची एक धार, तिच्या बाजूला शेवाळ, शेवाळात अडकलेलं एक पिकलं पान. एवढं पुरे.

आकाश काळवंडलं, गडगडलं, तर काठावरही बसून राहू नका. सामान भरा आणि गाव गाठा. अमृतेश्वराच्या आवारात पाऊस ऐकत बसायला मस्त जागा आहे, आणि ओल्या काळ्या दगडावरची शिल्पं कोरड्यापेक्षा जास्त उठून दिसतात. मंदिराचे फोटो त्यासाठीच परतीला ठेवलेत. वाटेत काही गंभीर घडलंच तर आधी गावात कुणाला तरी धाडा, मग रेंज मिळेल तिथून ११२.

जेवणाला बहुतेक नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. पैसे घासाघीस न करता द्या. ज्यांचे फोटो काढलेत त्यांचा पत्ता लिहून घ्या, घरी गेल्यावर कागदावर छापून पाठवा. मोबाइलवरचे फोटो फोनबरोबर जातात, भिंतीवरचा राहतो.

घरी आल्यावर

गार हवेतून आलेला कॅमेरा बॅगेतच तासभर राहू द्या, मग बाहेर काढा, नाहीतर आत वाफ धरते. नंतर सिलिका जेलसोबत बंद डब्यात रात्रभर. फोटो त्याच आठवड्यात निवडा आणि फुलांची नावं तेव्हाच शोधून तारीख, साधारण उंची, कातळ की माती की झिरपतं पाणी हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत गेलात की ही वही कामाला येते.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. त्याआधी तळाच्या खाचांत अडकलेली माती जुन्या ब्रशने घासून धुवून टाका, आणि हेच पुढच्या वेळी घरून निघण्यापूर्वीही करा. गाजरगवत आणि रानमोडीचं बी अशाच ओल्या मातीतून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं.